बाप्तिस्म्यानंतरची आठ वर्षं



'खरा ख्रिस्ती विश्वास जगायचा म्हणजे काय' हा विषय संयोजकांनी मला दिला. या विषयावर देवज्ञानाच्या अंगाने पुष्कळ बोलता येईल आणि ते बोलणारे अधिकारी लोक या सभागृहातही बसले आहेत. मी आज मुख्यतः एका बाईंविषयी बोलणार आहे. महाराष्ट्राने त्यांना समाजसुधारक म्हणून पाठ्यपुस्तकात जागा दिली, पण त्यांच्या विश्वासाचं काय करायचं हे त्याला कधी नीट कळलं नाही. आणि आम्ही ख्रिस्ती लोकांनी त्यांची तसबीर मंडळीच्या भिंतीवर लावली, पण त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र बाजूला ठेवले.

पंडिता रमाबाईंनी 1907 साली आपली साक्ष लिहिली. सभागृहात ख्रिस्ती नसलेले श्रोतेही आहेत, म्हणून सांगतो. आमच्या प्रार्थनासभांत कुणीतरी उभं राहून देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगतं, त्याला साक्ष देणं म्हणतात. बहुतेक साक्षी एकाच वळणाने जातात. आधी मी अंधारात होतो, मग प्रभू भेटला, तेव्हापासून सारं उजळलं. रमाबाईंची साक्ष या वळणाने जात नाही. त्या सांगतात की बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचा प्राण असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला पुढे आठ वर्षं लागली. हे लिहिलं तेव्हा त्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या प्रमुख होत्या आणि देशोदेशीच्या ख्रिस्ती मंडळ्या त्यांच्याकडे आदराने पाहत होत्या. अशा स्थानावरच्या व्यक्तीने, मी ख्रिस्ती म्हणवून घेत होते पण मला ख्रिस्त गवसला नव्हता, असं छापून प्रसिद्ध करावं ही लहान गोष्ट नाही. खऱ्या विश्वासाविषयी मला जे काही सांगायचं आहे ते या आठ वर्षांत आहे.

आधी थोडं मागे जाऊ. रमाबाईंचा जन्म 1858चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवलं, म्हणून त्यांना धर्ममार्तंडांसमोर उभं राहावं लागलं. त्यांनी गंगामूळच्या रानात घर केलं आणि पुढे सारं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत दक्षिणेत फिरलं. 1870च्या दशकातल्या दुष्काळात वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. रानातली पानं आणि बोरं खाऊन दिवस काढल्याचं रमाबाईंनी लिहून ठेवलं आहे. भाऊ श्रीनिवास आणि त्या पायी फिरत 1878 साली कलकत्त्याला पोचले. तिथल्या पंडितांनी त्यांची विद्वत्ता पाहून त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. मग भाऊ गेला. बिपिनबिहारी मेधावींशी त्यांनी जात आणि प्रांत ओलांडून लग्न केलं. मनोरमा झाली आणि 1882 साली पतीही कॉलऱ्याने गेले. रमाबाईंचं वय तेवीस. पुण्याला येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीती' लिहिली, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि 1883 साली वैद्यकीय शिक्षणाच्या ओढीने इंग्लंड गाठलं.

वाँटेज या गावातल्या सेंट मेरी संघाच्या भगिनींकडे त्या उतरल्या. फुलहॅमला याच भगिनींचं एक सदन होतं. समाजाने ज्यांना 'पतित' ठरवून टाकून दिलं अशा स्त्रिया तिथे राहत, शिकत, काम करत. रमाबाई तिथे गेल्या आणि थक्क झाल्या. ज्या समाजातून त्या आल्या होत्या तिथे अशा बाईला दारात उभं करत नसत. या भगिनी तिच्या शेजारी बसून जेवत होत्या. हे तुम्ही का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांच्यापुढे आला. विहिरीपाशी एकट्या आलेल्या शोमरोनी बाईजवळ येशू पाणी मागतो, तिच्याशी बोलतो, तिच्या आयुष्यातलं सगळं ठाऊक असूनही बोलतो. रमाबाईंनी पुढे लिहिलं आहे की स्त्रीला खरोखर वर उचलणारा कुणी असेल तर तो हाच, हे आपल्याला तिथे पटलं.

29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी आणि लहानग्या मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. त्याच्या थोडे दिवस आधी, सोबत आलेल्या आनंदीबाई भगत या मैत्रिणीने वाँटेजलाच जीव दिला होता. ते दुःख मनात ताजं असतानाच हा निर्णय झाला.

आणि मग वाद सुरू झाले. वाँटेजच्या भगिनी जेराल्डीन या रमाबाईंच्या धर्ममाता. पत्रांत रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांनी संपादित केला आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 साली तो प्रसिद्ध केला. प्रत्येक मराठी ख्रिस्ती पाळकाने हे पुस्तक वाचावं असं मला फार वाटतं. त्यात एक पंचविशीतली विधवा, पदरी लहान मूल असलेली, राहण्याजेवण्यासाठी या भगिनींवर अवलंबून असलेली, एकेक मुद्दा घेऊन त्यांच्याशी भांडते. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा त्रैक्याचा सिद्धांत मला पटलेला नाही, तो पटल्यावाचून मी मानणार नाही. शास्त्र मी स्वतः वाचीन आणि माझ्या सदसद्विवेकाला जे दिसेल ते स्वीकारीन. मांसाहार करणार नाही. क्रूसावर लॅटिनमध्ये अक्षरं कशाला, संस्कृतात का नकोत? चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवत होत्या. पुरुष विद्यार्थ्यांना त्यांनी शिकवू नये असं बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी ठणकावून विचारलं की भारतात मी भरसभेत पुरुषांपुढे बोलत होते, इथे मला कोण अडवणार? भारतातल्या पुरोहितांचं जोखड मानेवरून काढलं ते दुसऱ्या पुरोहितांचं चढवून घेण्यासाठी नव्हे, हा त्यांच्या पत्रांचा मथितार्थ.

आजीबाईंना हा अहंकार वाटला. आजही आमच्या मंडळ्यांत एखाद्या तरुण मुलीने असे प्रश्न विचारले तर आपण तिला गर्विष्ठ म्हणू, तिच्यासाठी प्रार्थना करू आणि रविवारच्या शाळेत शिकवण्याचं काम तिच्याकडून काढून घेऊ. माझं मत वेगळं आहे. विश्वासाची पहिली अट रमाबाई त्या पत्रांत पुरी करत होत्या. माझ्या वतीने दुसऱ्या कुणाला विश्वास ठेवता येत नाही. बापजाद्यांना नाही, बिशपांना नाही, ज्यांच्या घरी मी जेवते त्यांनाही नाही. देवासमोर ज्याचं त्यालाच उभं राहायचं असतं. ज्या मंडळीत प्रश्न विचारायची भीती वाटते तिथे उपासना सुरळीत चालेल, वर्गणी जमेल, गायनही सुरेल होईल, पण विश्वास जन्माला येणार नाही.

पण हा अर्धाच भाग झाला. सगळे प्रश्न विचारून झाले, बरीचशी उत्तरं मिळाली, तरी आत काहीतरी रिकामं राहिलं असं रमाबाई स्वतःच सांगतात. 1886 साली त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या वैद्यकीय पदवीदानाला हजर राहिल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं, तिथे देशभर व्याख्यानं दिली आणि पैसा उभा केला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. पहिल्याच विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या, पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या आनंदीबाई, म्हणजे आपल्या बाया कर्वे. इतकं काम उभं राहिलं होतं. बाहेरून पाहणाऱ्याला यापेक्षा चांगलं ख्रिस्ती आयुष्य दिसलं नसतं.

याच सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं आत्मकथन त्यांच्या हाती पडलं. हा मनुष्य अनेक वर्षं दीक्षित पाळक होता, मंडळी सांभाळत होता, चर्चची इमारत त्याने उभारली होती. आणि 1851 साली एके रविवारी स्वतःचाच उपदेश करता करता त्याच्या लक्षात आलं की आपण जे सांगतो आहोत ते आपल्याला मिळालेलंच नाही. रमाबाईंनी ते वाचलं आणि त्यांना आपलं चित्र दिसलं. ज्ञान होतं, सेवा होती, त्यागही होता. पण देवाने आपल्याला स्वीकारलं आहे, आपण काही करून दाखवण्याआधीच स्वीकारलं आहे, हा भरवसा नव्हता. त्या सांगतात की तेव्हा त्यांनी स्वतःला आहे तसं प्रभूच्या स्वाधीन केलं आणि पहिल्यांदा मन निवांत झालं.

इथे बुद्धिवादी श्रोता अस्वस्थ होईल हे मला ठाऊक आहे. इतकी प्रखर बुद्धीची बाई शेवटी शरण गेली, असं तो म्हणेल. तसं असतं तर त्या नंतर शांत, आज्ञाधारक झाल्या असत्या. झालं उलटंच. भरवसा मिळाल्यावर त्या अधिक निर्भय झाल्या. आता कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं राहिलं नव्हतं.

त्या निर्भयतेची किंमतही त्यांना मोजावी लागली, आणि ती सांगताना दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. शारदा सदनात धर्मशिक्षण दिलं जाणार नाही असं ठरलं होतं. रमाबाई स्वतःची प्रार्थना खोलीचं दार उघडं ठेवून करत आणि मुलींना येऊन बसायला मज्जाव करत नसत. काही मुली ओढल्या गेल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठवली. 1893 साली रानडे आणि भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले, पालकांनी मुली काढून नेल्या. पालकांची भीती खोटी नव्हती असंच मी म्हणेन. दुसऱ्याची अज्ञान लेक आपल्या विश्वासावर ठेवून घेतली की तिच्या मनावर आपलं वजन किती पडतं याचा विचार करावाच लागतो. ज्या मोकळ्या सदसद्विवेकासाठी रमाबाई वाँटेजला झगडल्या तोच त्या मुलींचाही हक्क होता. पण दार लावून प्रार्थना करा असं सांगणाऱ्यांनाही रमाबाईंना एक प्रश्न विचारता आला असता, आणि त्यांनी तो जगून विचारला: या विधवा मुली तुमच्या घरात केस कापून कोपऱ्यात बसलेल्या होत्या, तेव्हा त्यांच्या मनाची काळजी कुणी केली होती?

1896च्या अखेरीस मध्य प्रांतात दुष्काळ पडला. बातम्या आल्या आणि वीस वर्षांपूर्वीचं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. त्या स्वतः निघाल्या. मदतकेंद्रांच्या आसपास दलाल फिरत होते, भुकेल्या मुली उचलून नेत होते. रमाबाईंनी शेकडो मुली सोबत आणल्या. हाडांचे सापळे, अंगावर फोड, डोक्यात उवा, चोरून खायची सवय लागलेल्या, जातीपातीचा पत्ता नसलेल्या. तोवर शारदा सदन बहुतांशी उच्चवर्णीय विधवांसाठी होतं. या मुलींनी ते बदलून टाकलं. सदन तोवर पुण्यात आलं होतं. तिथे प्लेग होता, शहरात इतक्या मुली ठेवायला परवानगी मिळेना. मग केडगावला, पुणे-दौंड रेल्वेमार्गावर त्यांनी आधीच घेऊन ठेवलेल्या जमिनीवर, तंबू पडले. तेच पुढे मुक्ती.

मुक्तीत काय चालत होतं ते बारकाईने पाहण्यासारखं आहे. मुली शेती करत, गाई सांभाळत, तेलाचा घाणा चालवत, हातमागावर विणत, छापखान्यात खिळे जुळवत. पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन होतं. आंधळ्या मुलींसाठी बार्तिमी सदन होतं, यरीहोच्या रस्त्यावर येशूला हाक मारणाऱ्या आंधळ्या भिकाऱ्याच्या नावाचं. तिथे आंधळ्या मुली ब्रेल शिकत. म्हाताऱ्या, अपंग बायकांसाठी प्रीती सदन होतं. 1900च्या गुजरातेतल्या दुष्काळानंतर तिथली संख्या दीड हजारांच्या वर गेली. एवढ्या जणींसाठी रोज दळण, पाणी, औषध, अंथरूण. मुक्तीत 1905 साली मोठं आत्मिक जागरण झालं, त्याचे वृत्तांत जगभर गेले आणि आजही लोक तेच उत्साहाने सांगतात. मला मात्र त्या दळणाविषयी अधिक ऐकायला आवडेल. रात्रभर प्रार्थना झाल्यावरही पहाटे कुणीतरी जात्यावर बसलंच असणार, आणि त्या बाईचा विश्वास कुणी लिहून ठेवला नाही.

शेवटची अनेक वर्षं रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. अशिक्षित बाईलाही ऐकून कळावं असं सोपं मराठी त्यांना हवं होतं. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. भाषांतर त्यांचं आणि जुळणी, छपाई, बांधणी मुक्तीतल्या स्त्रियांची. 1921 साली मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच गेली. बाईंनी काम थांबवलं नाही. मुद्रितं तपासून पुरी केली आणि 5 एप्रिल 1922 रोजी त्यांनी डोळे मिटले. ग्रंथ 1924 साली बाहेर आला.

आता मी आपल्याकडे वळतो, म्हणजे आजच्या मराठी ख्रिस्ती समाजाकडे.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपण सगळ्यांनी वाचली आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी लगेच घेतला नाही. नवऱ्यापासून दूर राहिल्या, रडल्या, सोवळंओवळं घट्ट धरून बसल्या. पुढे टिळकांकडे परतल्या तरी स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मग एके दिवशी त्या स्वतःशीच विचार करू लागल्या की हे भेद देवाने केले की माणसांनी. माणसांनीच केले असं मनाने घेतलं आणि त्या क्षणापासून त्यांनी कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा नंतर आला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी आधी जात सोडली, मग त्या ख्रिस्ती झाल्या.

आपल्यातल्या कित्येकांनी उलटं केलं. बाप्तिस्मा घेतला आणि जात तशीच ठेवली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीवर एक निबंध लिहिला आहे. मिशनऱ्यांचं शिक्षणाचं आणि आरोग्याचं काम त्यांनी मान्य केलं. पण त्यांनी विचारलं की ख्रिस्ती झाल्यावर जात गेली का, आणि अस्पृश्यांवरच्या अन्यायाविरुद्ध हा समाज कधी उभा राहिला का. त्याचं उत्तर आपण आजवर मोकळेपणाने दिलेलं नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती मृतांसाठी वेगळी जागा राखणारी भिंत कबरस्तानात उभी राहिली. महाराष्ट्रात भिंत दिसत नाही, पण सोयरिकीचं बोलणं निघालं की ती जाणवते. 'मुलगा चांगल्या घरचा आहे' असं आपण म्हणतो तेव्हा 'चांगलं घर' म्हणजे तीन पिढ्यांपूर्वी कुठल्या वाड्यातून आलेलं, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणारी दोन माणसं एकमेकांच्या घरी मुलगी देत नाहीत. याला मी विश्वासातली उणीव म्हणणार नाही. हा विश्वासाचा नकार आहे.

दुसरी गोष्ट पैशाची. मिशनऱ्यांनी शाळा, दवाखाने आणि वसतिगृहांसाठी ठेवलेल्या जमिनींवर किती दावे चालू आहेत हे या सभागृहातल्या वकिलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. विश्वस्त विश्वस्तांवर खटले घालतात, आणि शेवटी जमीन बिल्डरकडे जाते. शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. तो जकातदारांचा प्रमुख, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरला, तेव्हा त्याने एकही धार्मिक वाक्य उच्चारलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो, असं त्याने सांगितलं. मग येशू म्हणाला की या घराला तारण प्राप्त झालं. मंडळीच्या वार्षिक सभेत हिशेब मागणाऱ्या सभासदाला आपण भांडखोर ठरवतो. त्याचा विश्वास आपल्यापेक्षा जिवंत असण्याची शक्यता आहे.

तिसरी गोष्ट अधिक अवघड आहे. आज देशात अनेक ठिकाणी ख्रिस्ती माणसाला भीती वाटते. अशा काळात मनात द्वेष उतरतो आणि तो आपल्याला नैसर्गिक वाटू लागतो. ओडिशातल्या मनोहरपूर गावात 1999च्या जानेवारीत ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमोथी, यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारलं. स्टेन्स बारीपद्याला कुष्ठरुग्णांची सेवा करत होते. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीरपणे सांगितलं. कायद्याने आपलं काम करू नये असं त्या म्हणाल्या नाहीत. खटला चालला, शिक्षा झाली. आपल्या मुलीला घेऊन त्या पुढची काही वर्षं तिथेच राहिल्या आणि पतीचं कुष्ठरोग्यांचं काम चालवलं. न्याय मागायचा आणि द्वेष करायचा नाही, हे दोन्ही एकाच वेळी जमतं हे त्या बाईंनी दाखवलं. रस्त्यावर उतरून हक्क मागण्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी हरित वसईसाठी तेच केलं आणि हिंदू-ख्रिस्ती सगळे त्यांच्यामागे उभे राहिले, कारण लढा विहिरींचा आणि झाडांचा होता, सगळ्यांचा होता.

या सगळ्या माणसांचा विश्वास ओळखायला त्यांच्या गळ्यातला क्रूस पाहावा लागत नाही. ती कुणाच्या शेजारी जाऊन बसली एवढं पाहिलं की पुरतं.

माझ्या ख्रिस्ती बंधुभगिनींना आज एकच विनंती करतो. ती लहान आहे आणि तुमच्या हातातली आहे. घरात मुलामुलीच्या लग्नाचं बोलणं निघेल, तेव्हा समोरच्या घराचं मूळ विचारू नका. दुसऱ्या कुणी विचारलं तर सांगू नका. मंडळीच्या पाळकांनी हे व्यासपीठावरून एकदा स्पष्ट शब्दांत सांगावं आणि आपल्या घरापासून सुरुवात करावी. आणि ख्रिस्ती नसलेल्या मित्रांना विनंती, की रमाबाईंचं काम गौरवताना त्यांचा विश्वास वगळू नका. तो पटला नाही तरी चालेल, पण त्यांची साक्ष एकदा मुळातून वाचा.